विनिफ्रेडने बदललेला आकडा

इंग्लंडमधल्या ओटली गावच्या विनिफ्रेड ऑडीला अकरा वर्षांत कुणी खोटं ठरवलं नव्हतं. शाळेतली नोकरी सुटल्यावर ती जुनी पत्रं-पुस्तकं वाचून मोठ्या इंग्रजी शब्दकोशासाठी चिठ्ठ्या लिहायची. एका चिठ्ठीवर एक शब्द, वर साल, खाली मूळ वाक्य जसंच्या तसं. चुकीचं वाटलं तरी जसंच्या तसं. पैसे मिळत नसत, पण प्रस्तावनेत नाव छापणार होते.

मंगळवारी संपादकांचं पत्र आलं. तिने ते तीनदा वाचलं, तरी डोक्यात घोळच.

"कोण गेलं गं?" बटाटे सोलता सोलता धाकट्या बहिणीने, हेस्टरने विचारलं.

"कुणी नाही. डिनर या शब्दाचं आहे. शब्द फ्रेंचांकडून आला, त्यांच्याकडे लॅटिनमधून. आणि मूळ अर्थ काय, तर उपास सोडणं. म्हणजे सकाळचं पहिलं खाणं!"

"मग आपण बाराला जेवतो ते काय? आणि वरच्या बंगल्यातले रात्री आठला गिळतात ते?"

"तेही डिनरच. वेळ पुढे पुढे सरकत गेली म्हणे. माझ्या चिठ्ठीत बारा वाजता लिहिलंय, ते नक्की ना, असं विचारलंय."

"मग कळव की, हो म्हणून."

विनिफ्रेडने संपादकांचं पत्र खाली ठेवलं. ती चिठ्ठी चारशे वर्षांपूर्वीच्या एका पत्रावरून केलेली; त्यात कुणा बाईने लिहिलं होतं, नऊला डिनर करून आम्ही निघालो. नऊला कोण डिनर करतं? लिहिताना चुकली असेल बिचारी, म्हणून हिने बारा केलं होतं. की मुळात बाराच होतं? ते जुनं पत्र तर त्याच्या मालकाने केव्हाच विकलेलं. नाही, नऊच होतं.

तिने हेस्टरला सांगून टाकलं.

"इश्श, एक आकडा! कोण बघायला येतंय?"

"एक बदलला म्हटल्यावर बाकीच्या चार हजार चिठ्ठ्या कोण खऱ्या मानेल?"

"मग गप्प बस."

"आणि खोटं छापू देऊ?"

"मला नको विचारूस बाई. नऊला माझी चूलसुद्धा धड पेटलेली नसते."

विनिफ्रेडने दौत ओढली. नऊच होतं, बारा मी केलं, असं लिहिलं. आणखी कुठे सुधारणा केल्या होत्या का, ते आठवेना. आठवत नाही, असंही लिहिलं. माझं नाव छापू नये, हे वाक्य सुरू केलं, अर्ध्यावर खोडलं, आणि पाकीट बंद केलं.