विरोधात एक

आमच्या वाशीच्या सोसायटीत तात्यांचा हात कधी चारचौघांबरोबर वर गेला असेल तर शपथ! टाकीला पांढरा रंग द्यायचा म्हणून सगळे हात वर करायचे आणि तात्या दोन्ही हात मांडीवर ठेवून विचारायचे, "का?" माझं अक्षर बरं, म्हणून लग्न होऊन आल्याआल्या सभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दर ठरावाखाली एकच ओळ: बाजूने सर्व, विरोधात एक. पुढे पुढे त्यांचं नावच 'विरोधात एक' पडलं. दूधवालासुद्धा तेच म्हणायचा.

सत्याऐंशी साली आपली फौज श्रीलंकेत गेली. तिकडची भांडणं मिटवायला गेली आणि स्वतःच लढू लागली. तळमजल्यावरच्या सावंतकाकूंचा दिनू त्या फौजेत, त्यामुळे अख्ख्या सोसायटीची छाती फुगलेली. गच्चीची गळती आणि पार्किंग या दोन विषयांच्या मध्ये सेक्रेटरी कुलकर्ण्यांनी फौजेच्या अभिनंदनाचा ठराव घुसवला. हात असे वर गेले म्हणता! पाटीलकाकांनी तर दोन्ही वर केले, मी एकच मोजला. तात्या म्हणाले, "भांडण दुसऱ्याच्या घरातलं. आपली पोरं कशाला?"

झालं! कुलकर्णी जिन्यात तोंड फिरवायला लागले. गणपतीत तात्यांच्या हातात आरतीचं ताट कुणी देईना. तात्या मात्र आपले दिनूचं पत्र आलं की सावंतकाकूंकडे हजर. काकूंना वाचता येत नसे. पत्रात काही भलतंसलतं असलं की तात्या ते गिळायचे आणि त्या जागी 'जेवण झकास आहे' असं वाचायचे. मी एकदा त्यांच्या खांद्यावरून डोकावले म्हणून कळलं. त्या एका पत्रात दिनू चारदा जेवला.

दोन वर्षांत वारं फिरलं. आपले जवान मेल्याच्या बातम्या येत राहिल्या आणि सोसायटीला एकाएकी अक्कल आली. आपलं तिकडं कामच काय होतं, हे कुलकर्णी जिन्यात थांबवून ऐकवू लागले, तेही तात्यांना! पुढच्या सभेत त्यांनीच नवा ठराव आणला: जुनं अभिनंदन रद्द, हे युद्ध चुकीचं, आणि तसं जिन्याखालच्या फळ्यावर लिहायचं. सगळे हात वर. पाटीलकाकांचे पुन्हा दोन. आज जन्मात पहिल्यांदा 'एकमताने' लिहायला मिळणार म्हणून मी लिहूनही टाकलं. बघते तर तात्यांचे हात मांडीवर.

"अहो, पण हे तर तुमचंच मत!" कुलकर्णी रडकुंडीला आले.

"माझं मत आहे तेच आहे," तात्या म्हणाले. "पण पोरगं अजून तिथं आहे आणि फळा त्याच्या आईच्या दारासमोर. कुणीतरी तिला तो वाचून दाखवणारच. दिनू घरी येऊ दे, मग काय ते रद्द करा."

कुलकर्ण्यांनी ठराव मागे घेतला आणि मी 'एकमताने' खोडलं.

तीन महिन्यांनी दिनू आला. काळा ठिक्कर, वाळून अर्धा झालेला. काकू रडत होत्या, हसत होत्या, त्याला तिसऱ्यांदा वाढत होत्या. कौतुकाने आम्ही त्याला अभिनंदनाचा ठराव दाखवला. वाचता वाचता तो थांबला. "विरोधात एक? हे कोण?"

मी घाईने वही मिटायला गेले. तात्यांनी हळूच हात वर केला.

दिनू हसत सुटला. "काका, तिकडं आमी पण हेच म्हणायचो!" मग त्याने आवाज खाली आणला. "पण ते चार वेळच्या जेवणाचं काय? आई त्याचाच हिशोब मागतेय." तात्या असे लाजले की आम्ही हसून हसून गडाबडा लोळलो. जुना ठराव रद्द करायचं मग कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

वर्षभरात तात्या गेले. शोकसभेत सगळे उभे राहिले, पाटीलकाका हमसून रडले, दिनूने ताठ उभं राहून सॅल्यूट ठोकला. मी डोळे पुसत वही उघडली आणि हाताच्या सवयीने लिहून बसले: बाजूने सर्व, विरोधात एक. ते मात्र मी खोडलं नाही.