मापाऱ्याची बायको

छबूबाईला मूल नव्हतं, हे चिखली गावाला तिच्या नावाआधी ठाऊक होतं. सासू सोजराबाई ते पाणी भरताना सांगे, दळताना सांगे आणि पाहुणा आला की चहाच्या आधी सांगे. "मोशीला माहेरी धाडते हिला," हे तिचं पालुपद. नवरा सोनबा ऐकून न ऐकल्यासारखं करी. तो गावचा मापारी. खळ्यावर धान्याची रास पडली की पायलीनं मापून द्यायची, पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं, हे घराण्यात चालत आलेलं काम. पण तोरा असा, की जणू धान्य यानंच पिकवलंय.

सत्तावन्न साली चिंचवड स्टेशनच्या पलीकडे मुंबईच्या एका शेठनं पत्र्याच्या शेडमध्ये तापाच्या पुड्यांचा कारखाना काढला. सोनबाला तिथं कच्च्या मालाची पोती मापून घ्यायचं काम मिळालं. त्याच्या ओळखीनं छबूबाई पुड्या भरायला लागली. चमच्यानं पावडर घ्यायची, कागदावर टाकायची, घडी घालायची. पहिला पगार घरात आला त्या दिवशी सोजराबाईचं तोंड मिटलं. पैसा आणणाऱ्या सुनेला वांझ म्हणताना जीभ जड होते, एवढी अक्कल म्हातारीला होती. तो चमचा हातात होता तोवर छबूबाईला त्या घरात जागा होती, आणि हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढच्या वर्षी शेठनं परचुरे नावाचे साहेब आणले. संख्याशास्त्र शिकलेला माणूस. आवाज मऊ, नजर थंड. त्यांनी भिंतीवर एक मोठा कागद लावला आणि त्यावर एक आकार काढला. मधे उंच, दोन्ही अंगांना उतरत गेलेला. बायका एकमेकींना म्हणाल्या, ही तर खळ्यावरची रास!

"पुड्या एक, दोन, तीन अशा मोजता येतात," साहेब म्हणाले. "वजनाचं तसं नसतं. वजनाला पायऱ्या नाहीत, उतार आहे. अगदी सारख्या दोन पुड्या देवाच्या हातूनही व्हायच्या नाहीत. पण हात चांगला असेल तर बहुतेक पुड्या मध्याजवळ पडतात आणि रास उंच, अरुंद होते. हात वाईट असेल तर पसरते. शनिवारी प्रत्येकीच्या पुड्या तोलणार आहे. जिची रास पसरट, तिनं घरी जायचं."

घरी येऊन छबूबाईनं सगळं सोनबाला सांगितलं. सोनबा खो खो हसला.

"रास कशी राखायची ते त्यो मला शिकवतो व्हय? ऐक. एक माप कमी पडलं, तर दुसऱ्यात तेवढं जास्त घालायचं. जास्त झालं, तर पुढच्यात हात आखडायचा. शेवटाला गोळाबेरीज बरोबर. माझ्या बानं असंच मापलं, मी असंच मापतो. कोन नाव ठेवतंय?"

"पन सायेब म्हनला, रास पसरू न्हाई."

"दोनी अंगांनी सारखी असली म्हंजी पसरत न्हाई! मापारी तू का मी?"

मापारी तोच होता. आणि खळ्यावर ते खरंही होतं, कारण तिथं सगळी मापं एकाच कणगीत जातात. ही साधी गोष्ट त्या शहाण्याच्या डोक्यात आली नाही, आणि नवऱ्याच्या शब्दापुढं जायचं छबूबाईला कुणी शिकवलं नव्हतं.

शनिवारी ती बसली. एक पुडी कमी वाटली म्हणून पुढचीत चमचा शिगेला नेला. ती फार झाली म्हणून त्यापुढची आखडली. मग ती फारच आखडली म्हणून... हात एरवी आपोआप चाले, आज त्याला प्रत्येक पुडीला मागचीची आठवण होत होती.

साहेबांनी तोलून कागदावर खुणा केल्या. "मध्य अगदी काट्यावर आहे, बाई. पण पसारा बघा. शेडमध्ये सगळ्यांत वाईट."

"सायेब, एकीत कमी पडली ती दुसरीत घातली. गोळाबेरीज बरोबर हाय."

"कमीची पुडी एका घरी जाणार, जास्तीची दुसऱ्या घरी. या घरच्या पोराचा ताप त्या घरची पुडी उतरवणार आहे का?" साहेबांनी आणखी एक कागद काढला. "गेल्या आठवड्यात न सांगता तुमच्या पुड्या तोलल्या होत्या. तेव्हा तुमची रास सगळ्यांत अरुंद होती. हे कुणी शिकवलं?"

सोनबा दारातच पोत्यांपाशी उभा होता. छबूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं पोत्याची सुतळी आवळायला घेतली. चारचौघांत नवऱ्याला खाली पाहायला लावणारी ती नव्हती, आणि तो स्वतः बोलेल म्हणून ती थांबली होती. तो पुढच्या पोत्याकडं वळला.

"मला एक संधी द्या, सायेब. पाया पडते."

"परीक्षा आजची होती," परचुरे म्हणाले आणि पुढच्या बाईला हाक मारली.

सोनबानं घरी जाऊन आईला सांगितलं, "हात कापतो हिचा." झालं. म्हातारीला आयतं कोलीत मिळालं. वांझ तर होतीच, आता हातानंही गेली!

दुसऱ्या दिवशी छबूबाईनं सोनबाच्या ताटात दुप्पट भाकऱ्या वाढल्या. तो खूश होऊन जेवला. त्याच्या पुढच्या दिवशी ताटात फक्त मीठ होतं.

"भाकरी कुठं हाय?"

"काल दिली की जास्तीची. गोळाबेरीज बरोबर हाय."

"कालच्या भाकरीनं आजचं पोट भरतंय व्हय गं?" सोनबा ओरडला आणि ताट भिरकावलं.

"न्हाई भरत," छबूबाई म्हणाली. "सायेब ह्येच सांगत हुता."

सोनबाला ते कळलं. कळलं म्हणूनच त्यानं तिला मारलं. सकाळी सोजराबाईनं तिचं गाठोडं बाहेर ठेवलं आणि सोनबा तिला मोशीला पोचवायला निघाला. वाटेत जो भेटेल त्याला, न विचारता, तो सांगत होता, "हात कापतो हिचा." छबूबाई पुढं चालत होती. गाठोडं डोक्यावर होतं, तिनं त्याला हातसुद्धा लावला नव्हता आणि ते जरासुद्धा हलत नव्हतं.