बर्फात गेलेले एकशे ऐंशी खांब

सरू म्हात्रे पेणमधली सगळ्यात जलद टायपिस्ट होती की नाही, यावर वाद होऊ शकेल. तिच्याइतकं झटपट उलट उत्तर देणारी दुसरी टायपिस्ट मात्र तालुक्यात नव्हती, यावर कुणाचाच वाद नव्हता. गाव खाडीकाठचं, बाप काळुराम मिठागरावर कामाला. दहावीनंतर सरूने टायपिंगची परीक्षा दिली, मग कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि १९९७ साली रामवाडीतल्या एका सर्व्हे ऑफिसात नोकरीला लागली.

ऑफिस पुण्याच्या सबनीस साहेबांचं. काम होतं नागोठण्यापासून पेणपर्यंत विजेच्या मोठ्या तारा नेण्याचं. खांब कुठेकुठे उभे राहणार, त्या जागांची मोजणी यांच्याकडे होती. निडी गावचा महिपती गळ्यात जीपीएसचं यंत्र अडकवून शेतं आणि खाजणं तुडवायचा आणि प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश छापील फॉर्मवर लिहून आणायचा. सरूने ते कॉम्प्युटरवर चढवायचे, की नकाशावर ठिपके उमटणार. निदान साहेबांनी तिला तसं सांगितलं होतं.

एकशे ऐंशी खांब टाइप झाले. सरूने बटण दाबलं. पेण आणि रोहा तालुक्यांचा नकाशा समोर आला, नदी आली, खाडी आली. ठिपका एकही नाही.

"टायपिंग चुकलंय," साहेब म्हणाले. "पुन्हा कर."

तिने पुन्हा केलं. नकाशा तसाच कोरा.

"सरू गो, ह्याला चूक कळत नाय का?" महिपतीने विचारलं. "आमच्या तलाठ्याकडं नावात एक काना चुकला तरी तो अर्ज तोंडावर फेकतो."

"हा फेकत नाय, दादा. गपचूप गिळतो."

गिळलेलं जातं कुठे, हे तिला बघायचंच होतं. दुपारी साहेब जेवायला गेले तेव्हा तिने प्रोग्रामसोबत नमुना म्हणून आलेला जगाचा नकाशा उघडला आणि आपले ठिपके त्यावर टाकले. एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी होते. युरोपच्या डोक्यावर, नॉर्वेच्याही वर, गारठलेल्या समुद्रात सगळे पोहत होते.

कारण शोधायला तिला दहा मिनिटं लागली. फॉर्मवर आधी अक्षांश होता, अठरा आणि काही. मग रेखांश, त्र्याहत्तर आणि काही. प्रोग्रामला आधी आडवं अंतर हवं होतं, मग उभं. म्हणजे रेखांश आधी. उलटे आकडे दिले तरी तो कुरकुरत नव्हता, कारण त्र्याहत्तर अक्षांशही पृथ्वीवर आहेच. फक्त तिथे पेण नाही.

तिने साहेबांना हे सगळं सांगितलं.

"अक्षांश आधी, रेखांश नंतर," साहेब म्हणाले. "चौथीतलं पोरगंही सांगेल."

"सर, पण हा प्रोग्राम चौथीत गेलेला नाय."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "परदेशी प्रोग्राम आहे तो, मिस म्हात्रे. चुकतात ते टायपिस्ट." आणि त्यांनी कागदावर लिहूनच दिलं: फॉर्ममध्ये आहे त्याच क्रमाने टाइप करावे, स्वतःचे डोके चालवू नये. खाली सही. "उद्या वीजखात्याचे इंजिनिअर येतायत. नकाशा छापून गुंडाळी करून ठेव, मी आल्यावर दाखवतो."

घरी तिने बापाला हकिगत सांगितली. काळुराम हसून हसून खोकायला लागला. "मीठ आपल्याकडं, बर्फ तिकडं. मासळीची सोय झाली गो!"

"बाबा, माझी नोकरी जाईल."

"लिहून दिलंय ना त्यानं? मंग त्यानं सांगितलंय तसंच कर. अक्षर इकडचं तिकडं नाय."

सरूने तसंच केलं. नकाशावर ठिपके दिसायला हवेत म्हणून जगाचा नकाशा तेवढा खाली ठेवला. एवढं डोकं तिने चालवलं.

दुसऱ्या दिवशी साहेब उशिरा पोचले. इंजिनिअर येऊन बसले होते. साहेबांनी घाईघाईने गुंडाळी टेबलावर उलगडली आणि बोट ठेवायला पेण शोधू लागले. बोट आफ्रिकेवरून फिरलं, अरबस्तानावर थबकलं. इंजिनिअरांनी चष्मा पुसून नकाशाचं वरचं टोक पाहिलं.

"सबनीस, खांब इथे रोवायचे तर आमच्या लाइनमनना स्वेटर मंजूर करून घ्यावे लागतील."

साहेबांनी सरूकडे पाहिलं. तिने सहीचा कागद नकाशाशेजारी ठेवला. "फॉर्मप्रमाणेच आहे, सर."

महिपती खोकल्याचं निमित्त करून जिन्यात गेला.

नोकरी गेली नाही, कारण इंजिनिअर पोट धरून हसले आणि आठ दिवसांची मुदत देऊन गेले. साहेबांनी त्याच संध्याकाळी नवे फॉर्म छापून घेतले, रेखांश आधी. पण महिपतीच्या यंत्रावर अक्षांशच आधी दिसायचा आणि तो यंत्रात दिसेल तसं वरून खाली उतरवायचा. मोजणी व्हायच्या राहिलेल्या खांबांचे फॉर्म आले ते काही सुलटे, काही उलटे. साहेब डोकं धरून बसले.

"सर, मी डोकं चालवू का?" सरूने विचारलं.

साहेबांनी फॉर्मचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला.

तिचा उपाय साधा होता. या भागात एक आकडा कायम अठराचा, दुसरा त्र्याहत्तरचा. वर शीर्षक काहीही असो, त्र्याहत्तर दिसला की तो आधी टाकायचा. दोन दिवसांत सगळं चढलं. मग नागोठण्याहून निघालेली ठिपक्यांची रांग अंबा नदी ओलांडून पेणकडे आली. त्यातला एक ठिपका तिच्या बापाच्या मिठागराच्या बांधाला लागून होता. तो तिने मोठा करून पाहिला, मग महिपतीला हाक मारून दाखवला.

पुढे साहेबांनी रोह्याला दुसरं ऑफिस काढलं आणि सरूला तिथे मुख्य केलं. तोवर त्या प्रोग्रामची दुसरी खोड तिला सापडली होती. रकान्याच्या नावाला तो दहाच अक्षरं द्यायचा, उरलेली न विचारता छाटायचा. साहेबांची लांबलचक इंग्रजी नावं कापली जाऊन जमीनमालकाचं नाव आणि जमीनमालकाचा नंबर हे दोन्ही रकाने एकाच नावाचे झाले. सरूने सरळ आपल्याकडचे शब्द घातले: मालक, बांध, खाजण, मिठागर. इंग्रजी लिपीतही सगळे दहाच्या आत.

पुण्याहून फोन यायचे. "मॅडम, हे खाजण म्हणजे काय हो?"

"भरतीला पाणी शिरतं ती जमीन," सरू सांगायची. "या एकदा बघायला. येताना जुने बूट घाला."