ताईचा नंबर

ॲप तपासायची ताईची एक खास पद्धत होती. ऑर्डर अर्ध्यात आली की मोबाईल जेवणाच्या स्टीलच्या डब्यात टाकायचा आणि झाकण घट्ट दाबून बसायचं. नेटवर्क तुटल्यावर ॲप काय करतं, ते बघायला. "आमच्या रिह्यात असंच हुतंय. डोंगराआड गेलं की मेला फोन," म्हणायची. सगळं ऑफिस हसायचं. पण घरपोच किराण्याच्या आमच्या ॲपमध्ये एकच ऑर्डर दोनदा जातेय, हे त्या डब्यातूनच बाहेर आलं होतं.

ताई म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीवरची टेस्टर, माझ्याहून थोडी मोठी. मी चांदे गावात भाड्याच्या खोलीत राहते. ती तिच्या गावाहून, रिह्याहून, स्कूटरवर निघायची आणि मला वाटेत उचलायची. मागे बसून तिचं सासूपुराण ऐकणं हे माझं रोजचं काम. सासरच्यांनी शेत विकलं, तिथं कुणाचंसं फार्महाऊस उभं राहिलं, आणि सासूनं केव्हाच सुनावून ठेवलं होतं की नोकरी सुटली तर तिथं स्वयंपाकाला जायचं. ताई म्हणायची, "आमच्याच शेतात दुसऱ्याची भांडी घासू व्हय? मरंन पर जायाची न्हाई."

आणि मॅनेजरनं नेमकं मलाच बोलावलं. ताई हातानं करते त्या सगळ्या टेस्ट स्क्रिप्टमध्ये घाल, म्हणाला. म्हणजे ती बोटानं जे जे दाबते ते कोडनं आपोआप दाबलं जायला हवं, रोज सकाळी, माणूस नसताना. "मग ताई काय करेल?" मी विचारलं. "बघू," तो म्हणाला. हा 'बघू' मला चांगला माहीत आहे. त्याचा अर्थ सगळं बघून झालंय.

बरं, तो तरी काय करणार! त्याला वरून सांगितलेलं. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं, की आता त्याचाच वैताग येतो.

सगळ्यात वाईट म्हणजे ताई स्वतः शेजारी बसून सांगत होती. पैसे भरायचं बटण दोन-तीनदा दाबून बघ. पत्त्यात 'मारुतीच्या देवळामागं' असं घालून बघ, लोक असंच लिहितात. मी लिहीत गेले. तिचा डबा माझ्या कोडमध्ये एका ओळीत बसला: नेटवर्क बंद. एक ओळ! मला रडूच आलं.

नवीन ग्राहकाची नोंदणी तपासायला चालू मोबाईल नंबर लागत होता. कंपनीचं सिम बंद पडलेलं. ताई म्हणाली, "माजा घाल की, काय हुतंय त्याला?" घातला. टेस्टमध्ये त्या नंबरानं खातं उघडतं, ऑर्डर जाते, आणि शेवटी साफसफाई म्हणून खातं बंद होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

मी तिला कोड शिकवायचा प्रयत्न केला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बसायचो. शिकलीही हो, एक स्क्रिप्ट तिनं एकटीनं चालवली आणि हिरवी खूण बघून टाळी वाजवली. मी तीच स्क्रिप्ट घेऊन मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, "छान आहे," आणि लॅपटॉपकडे वळला. पुढच्याच आठवड्यात तिला आत बोलावलं. बाहेर आली तेव्हा गळ्यातलं ओळखपत्र नव्हतं. मला म्हणाली, "चल, सोडते तुला चांद्याला." सबंध रस्ता मी तिच्या पाठीमागं तिचा डबा मांडीवर धरून बसून होते.

महिन्याभरानं तिचा फोन आला. "अगं, अजूनबी रोज सकाळी मला मेसेज येतुया. आधी 'आपले स्वागत आहे', मग लगेच 'आपले खाते बंद करण्यात आले आहे'."

टेस्टमध्ये तिचा नंबर तसाच राहिला होता! "ताई, थांब, आत्ता काढते. मी एक नंबरची गाढव आहे."

"नको, नको, ऱ्हाऊ दे," ती घाईनं म्हणाली. "घरात सांगितलं न्हाई म्या अजून. मेसेज वाजला की सासूबाईंना म्हनते, हापिसाचा हाय. मग डबा घिऊन निघते."

"कुठं जातेस?"

"पौडला. स्टँडवर बसते. कुटं काम हाय का ते इचारते. डबा खाते आन संध्याकाळी घरी."

मी नंबर राहू दिला. माझ्या हातात तेवढंच होतं. सकाळी डबा भरताना मोबाईलवर 'सगळ्या टेस्ट पास' असं येई आणि मला कळे, रिह्यात ताईचा फोन वाजला. आता ती स्कूटर काढत असेल.

काल मॅनेजरनं फर्मान काढलं: टेस्टमध्ये कुणाचेही खरे नंबर ठेवायचे नाहीत, सोमवारच्या आत काढा. बरोबरच आहे त्याचं, नियमच तसा आहे. भांडून तरी काय सांगणार होते त्याला?

संध्याकाळी ताईला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"कवापासनं न्हाई यायाचा मेसेज?"

"सोमवारपासून."

"बरं," ती म्हणाली. "मंग ऐतवारी सांगते घरात."