केतकीच्या डब्याचा फोटो

आता ही फजिती कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला? पण सांगतोच, चहा होईस्तोवर.

लॉकडाऊनचे दिवस. परदेशात, क्रेगीबर्न नावाच्या उपनगरात आम्ही चार मराठी घरं मिळून नोकऱ्या गेलेल्या विद्यार्थ्यांना घरपोच डबे द्यायचो. बाकीचे राबायचे. माझी पोळी काही केल्या गोल होईना, म्हणून मी स्वतःच स्वतःला सोशल मीडिया प्रमुख नेमलं.

"त्यापेक्षा कांदे चीर," बायको म्हणाली.

"मनीषा, पेजशिवाय संस्थेला विचारतं कोण? रीच लागतो, रीच!"

त्या शुक्रवारी केतकीकडे डबा न्यायचा होता. सांगलीची मुलगी, इथल्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, शिकणारी. कॅफेतला जॉब गेलेला. मास्क, ग्लोव्हज, दीड मीटर अंतर, सगळं नियमात.

"काका, फोटो नको ना."

"अगं, मास्कमध्ये कोण ओळखतंय? नो वरीज!"

दोघांचा सेल्फी काढून पेजवर टाकला फोटो! 'परदेशात एकटी पडलेली आपली लेक.' दर पाच मिनिटांनी लाइक्स मोजत बसलो.

पण मास्क लावला म्हणून तिची सांगलीतली आत्या भाचीला ओळखणार नाही, असं कुठे असतं का? ग्लोव्हज घातलेला माणूस, दारात लांब ठेवलेली पिशवी... आत्याने निदान केलं, पोरीला कोरोना झाला! संध्याकाळपर्यंत 'सांगलीच्या केतकीसाठी प्रार्थना करा' हा मेसेज फिरत फिरत माझ्याकडेच आला. फोटो वाटेत कुठेतरी गळलेला.

माझ्या डोक्यात प्रकाश पडावा की नाही? छे! मी हात जोडले आणि तो मेसेज आमच्याच पेजवर टाकला. झालं! आत्याच्या निदानावर संस्थेचा शिक्काच बसला.

तासाभरात केतकीचा फोन.

"काका, आई रडतेय. मी बरी आहे म्हटलं, तर विचारते, मग लोक तुला डबे का देतात? जॉब गेल्याचं मी घरी सांगितलंच नव्हतं हो."

"लगेच डिलीट करतो!"

"आता काय उपयोग?"

ओरडली असती तर परवडलं असतं. ती शांतपणे बोलली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात तिचा मेसेज आला, डबा नको. मग आणखी तिघांचे. पेज वाढत होतं आणि मुलं उपाशी राहत होती. माझ्यामुळे!

मी पेज बंद केलं आणि मुकाट्याने कांदे चिरायला बसलो. मनीषा फोन घरी ठेवून केतकीकडे गेली, माझ्या वतीने माफी मागून आली. हळूहळू चौघांचे डबे पुन्हा सुरू झाले.

काही महिन्यांनी आम्हा नवरा-बायकोलाच कोरोना झाला. एका दुपारी बेल वाजली. दारात पिशवी आणि दीड मीटर लांब केतकी.

"काका, पिठलं-भात केलाय. फोटो काढत नाही हं, निवांत जेवा."

डोळे भरून आले हो. टेबलावर डबा ठेवला, झाकण उघडलं, छान वाफ आली...

आणि मागून मनीषा कडाडली, "तो फोन खाली ठेव आधी!"