सुनंदाने कालवलेला रंग

हे बायकोलाही माहीत नाही. तिला एवढंच ठाऊक, की जोहे गावच्या सुनंदाला मी वेळेवर मुंबईला धाडलं. वेळेवर — हा शब्द आला की मी विषय बदलतो.

मी डॉक्टर. सकाळी पेणला दवाखाना, संध्याकाळी रोह्याला. सुनंदा गणपतीच्या मूर्तींचे डोळे रंगवायची, आखणी करायची. तिच्या हातासाठी कारखानदार थांबून राहत. तीन आठवडे तिला रोज संध्याकाळी ताप चढायचा, मनगटं ठणकायची, अंगावर फिकट पुरळ उठायचं. सकाळी माझ्यासमोर बसायची तेव्हा — काहीच नसायचं. संध्याकाळी रोह्याला येऊ का, असंही तिने विचारलं. मी नको म्हणालो. का? पुरळ दिसलं असतं तर त्याचं नाव सांगावं लागलं असतं, आणि ते मला येत नव्हतं.

एकदा तिने पुठ्ठ्याचा तुकडा आणला. त्यावर बोटभर गुलाबी-नारिंगी रंग.

"पुरळ फोटोत उतरत नाय, डॉक्टर. अंगाशी लावून लावून कालवला."

मी हसलो. होय, हसलो. मुंबईची चिठ्ठी देताना तिला बजावलं, मोठ्या डॉक्टरांपुढे हे पुरळाचं काढू नकोस, आपली शोभा होईल. आपली — म्हणजे कुणाची?

मुंबईत तिने पुरळाचं काढलंच नाही. त्या डॉक्टरांनी मलाच फोन केला : तापात अंगावर काही उठतं का? पुठ्ठा समोर टेबलावर होता. मी नाही म्हणालो. चिठ्ठीत तसं लिहून बसलो होतो ना.

मग टीबी समजून दोन महिने गोळ्या. शेवटी तिला मुंबईत भरती केलं, आणि संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टरला पुरळ दिसलं. तेव्हा कुठे नाव सापडलं — स्टिल्स. शरीर स्वतःवरच उलटतं, असा दुर्मीळ आजार. औषधाने ताप गेला. मनगटं मात्र आखडली ती आखडलीच.

गेल्या आठवड्यात ती पेढे घेऊन आली. ब्रश धरवत नाही, आता आखणी नणंद करते, म्हणाली. उठताना थांबली.

"तो पुठ्ठा हाय का हो? माझ्या हातचा शेवटचा रंग तो."

कचऱ्यात गेला असेल, असं मी सांगितलं.

तो माझ्या खणात आहे. ती बसली होती त्या खुर्चीपासून हातभर अंतरावर.