पीचच्या वासाची पेटी

व्हर्लिन ओगल हा आमच्या टेनेसीच्या खोऱ्यात विजेच्या खांबांवर आयुष्य घालवून निवृत्त झालेला गृहस्थ, आणि त्याला माणसांची किळस होती. त्याच्या शेजारी राहिलेल्या कुणालाही हे विधान सौम्यच वाटेल. या किळसेला निमित्त झाली एक लोखंडी पेटी. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात काही लपवून ठेवण्यास मनाई. म्हणून हद्दीलगत, नोला व्हेली यांच्या रानातल्या एका कपारीत त्याने ती ठेवली होती. अक्षांश-रेखांशांच्या आधारे अशा पेट्या हुडकणारे हौशी लोक दूरदूरहून येत. आतली वस्तू न्यायची तर तिच्या तोडीची दुसरी ठेवायची, अशी रीत. लोक चाकू नेत आणि वापरलेली मलमपट्टी ठेवत.

नोलाबाईंनी जागा देताना अट एकच घातली होती : पेटीत खाण्याचे काही नको. माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल अखेर मारावे लागते, आणि त्यांच्या रानात एक अस्वलीण दोन पिल्लांसह वावरत होती.

मे महिन्यात त्यांनी व्हर्लिनला आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या मला बोलावून घेतले. पेटी कपारीबाहेर पडली होती. झाकण वाकलेले, कडेवर दातांच्या खुणा, आत लाळ, केस आणि भिजून लगदा झालेला कचरा. व्हर्लिनने नाकाला रुमाल लावला.

"शी. कुणीतरी चॉकलेट कोंबलं असणार. यांच्यापेक्षा डुकरं बरी, मिस नोला."

"डुकरं मी पाळते, त्यांना मधे आणू नकोस. चॉकलेटचा कागद कुठाय?"

कागद नव्हता. बाईंनी काठीने लगदा उकरला, तेव्हा काचेची एक बरणी निघाली. आत नुसती वात; मेण चाटूनपुसून नेलेले.

"हे कुणाचं?"

"माझंच. मेणबत्ती. त्या घाणीचा कुबट वास सोसवेना, म्हणून ठेवली."

"कसल्या वासाची?"

त्याने रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. "पीच कॉब्लरच्या," तो म्हणाला; आमच्याकडचे फळांचे, भट्टीत भाजलेले गोड पक्वान्न ते. "ओव्हनमधून नुकतंच काढल्यासारख्या."

"वा. नुसतं ताट मांडायचं राहिलं."

"खायचं नको म्हणालात. हे काही खायचं नाही."

"ते तिला सांग. उद्या ती माझ्या ओसरीवर आली, की तिला मारायला या म्हणून फोन मलाच करावा लागेल."

व्हर्लिनने पेटी पोत्यात भरली. ओढ्यावर त्याने वाळूने हात घासले, हुंगले, पुन्हा घासले. वास गेला नव्हता. त्याचा तो आक्रसलेला चेहरा माझ्या चांगल्या परिचयाचा होता. फक्त आजवर तो दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेला असे.